उधारी वसुलीचा संक्षिप्त दावा आणि जर्मनीतील पेमेंट ऑर्डर: वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यातून वापरानंतरचा अनुभव

थकलेली उधारी वसूल करताना साक्षीपुराव्याची पूर्ण फेरी न करता न्यायालयाने रक्कम भरण्याचा आदेश द्यावा, अशी सोय आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या आदेश 37 मध्ये संक्षिप्त दाव्याच्या रूपाने आहे, आणि युरोपातील अनेक देशांत ती पेमेंट ऑर्डर म्हणून चालते. आमच्या वेंगुर्ल्यातील काजू प्रक्रिया कारखान्यासाठी गेल्या काही महिन्यांत मी या दोन्ही वाटा वापरल्या. एक वापरली वाशीच्या एका घाऊक व्यापाऱ्याविरुद्ध, दुसरी जर्मनीतील एका लहान आयातदाराविरुद्ध. कारखान्याची येणी आणि हिशेब माझ्याकडे असल्यामुळे कागद जमवण्यापासून वकिलांशी बोलण्यापर्यंतचे सारे काम मीच पाहिले. माझे मत आधीच नोंदवतो. देणेकरी गप्प बसणारा असेल तर जर्मन पद्धतीला तोड नाही. पण तो उशिरा जागा होऊन मालाबद्दल खोटी तक्रार उभी करणारा असेल, तर आपला जुना संक्षिप्त दावा अधिक बळकट आहे.

काजूच्या धंद्यात ही बाब जिव्हाळ्याची का आहे, ते कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगणे आवश्यक आहे. काजूची बी साधारण मार्च ते मे या काळात येते आणि ती शेतकऱ्याकडून रोखीनेच घ्यावी लागते, कारण पावसापूर्वी त्याची स्वतःची देणी असतात. पुढे वर्षभर भाजणे, फोडणे, सोलणे आणि प्रतवारी चालते, त्याची मजुरी आठवड्याला द्यावी लागते, आणि तयार गर मात्र उधारीवर जातो. एका मोठ्या खरेदीदाराने पैसे अडवले की पुढच्या हंगामात बी घेऊन दारात आलेला शेतकरी ‘पैशे कधी गावतले?’ असे विचारतो. त्याला उत्तर आम्हालाच द्यावे लागते, वाशीच्या व्यापाऱ्याला नाही.

वाशीच्या प्रकरणात प्रथम सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 चा विचार केला. या कायद्यानुसार लेखी करार असला तरी खरेदीदाराला पैसे देण्यासाठी 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत मिळत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते, आणि असे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर रकमेच्या 75 टक्के आधी भरावे लागतात. तरतूद फार चांगली आहे आणि ज्यांची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) माल पाठवण्याच्या आधीची आहे त्यांनी ती अवश्य तपासावी. आमच्याकडे मात्र व्यापाऱ्याने सही करून दिलेले बाकी मान्य असल्याचे पत्र होते, आणि असे पत्र हातात असताना संक्षिप्त दावा हा अधिक थेट मार्ग आहे, असा वकिलांचा सल्ला पडला.

दावा थेट दाखल करता येत नाही, ही गोष्ट अनेक लहान कारखानदारांना माहीत नसते. वाणिज्यिक न्यायालय कायदा, 2015 मध्ये 2018 साली झालेल्या दुरुस्तीनंतर 3 लाख रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याचा व्यापारी वाद वाणिज्यिक न्यायालयात जातो, आणि तातडीचा अंतरिम आदेश नको असेल तर कलम 12अ खाली आधी मध्यस्थीचा अर्ज करावा लागतो. ही मध्यस्थी सक्तीची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘पाटील ऑटोमेशन’ प्रकरणात ऑगस्ट 2022 मध्ये स्पष्ट केले. आमचा अर्ज सिंधुदुर्गनगरी येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेला. समोरचा पक्ष नोटीस मिळूनही आला नाही आणि मध्यस्थी सुरूच झाली नसल्याचा अहवाल आमच्या हाती पडला. या टप्प्याला निव्वळ कालापव्यय म्हणणारे बरेच आहेत. मी त्यांच्यातला नाही. मध्यस्थीत गेलेला काळ दाव्याच्या मुदतीतून वगळला जातो, तडजोड झालीच तर तिला लवादाच्या निवाड्याचे बळ मिळते, आणि बोलावूनही न आलेल्या देणेकऱ्याचे वर्तन कागदावर येते.

आदेश 37 ची खरी कसोटी दाव्याच्या मसुद्यात आहे. मुख्यतः हुंडी, वचनचिठ्ठी किंवा लेखी करारातून निघणारी निश्चित रक्कम अशा मोजक्याच गोष्टींसाठी हा मार्ग खुला आहे. दावा याच आदेशाखाली केला आहे आणि त्याच्या कक्षेबाहेरची कोणतीही मागणी त्यात नाही, असे स्पष्ट विधान करावे लागते, आणि दाव्याच्या क्रमांकाखाली तसा उल्लेखही लिहावा लागतो. नुकसानभरपाई, बदनामी, बाजारातील पत गेली असल्या मागण्या रागाच्या भरात घालू नयेत. त्या घातल्या की दावा साधा होतो आणि साध्या दाव्याच्या रांगेत जाऊन बसतो. आमच्या दाव्यात खरेदी ऑर्डर, बिले, पोच असलेली डिलिव्हरी चलने, ई-वे बिले, खातेउतारा आणि बाकी मान्य असल्याचे पत्र एवढेच होते. यातील शेवटच्या कागदाचे महत्त्व दुहेरी आहे. मुदत कायदा, 1963 नुसार अशा वसुलीला तीन वर्षांची मुदत असते, आणि मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी दिलेल्या कबुलीने, कलम 18 प्रमाणे, मुदत नव्याने सुरू होते. दरवर्षी 31 मार्चला प्रत्येक खरेदीदाराकडून बाकीच्या आकड्यावर सही आणि शिक्का घेण्याचा आमच्याकडचा जुना शिरस्ता इथे कामी आला.

कायद्यातील वेळापत्रक वाचताना मन प्रसन्न होते. समन्स मिळाल्यापासून 10 दिवसांत प्रतिवादीने हजेरी नोंदवून आपला पत्ता द्यायचा. न दिल्यास दाव्यातील कथने मान्य धरून वादीला हुकूमनामा मिळू शकतो. हजर झाला तर आपण निकालासाठीचे दुसरे समन्स बजावायचे, आणि त्यानंतर 10 दिवसांत त्याने शपथपत्रासह बचावाची परवानगी मागायची. प्रत्यक्षात हे दहा दिवस सुरू होण्यासाठीच महिने जातात, कारण समन्स बजावले गेले पाहिजे. गाळा बंद, मालक गावी, माणूस बसला आहे पण सही करत नाही, असे शेरे येत राहिले. या सबंध प्रक्रियेत माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. जीएसटी नोंदणीसाठी व्यापारी जो पत्ता आणि ईमेल देतो तोच न्यायालयीन बजावणीसाठी पुरेसा मानण्याचा नियम झाला, तर संक्षिप्त दावा नावाप्रमाणे संक्षिप्त होईल. तोवर प्रत्येक बिलावर खरेदीदाराचा पत्ता, ईमेल आणि प्रत्यक्ष ताबा असलेल्या गोदामाचा पत्ता घेऊन ठेवावा, आणि नोटिशीच्या स्पीड पोस्टची पोच जपून ठेवावी.

व्यापारी अखेर हजर झाला आणि माल खवट होता असा बचाव त्याने घेतला. इथे या पद्धतीचे सामर्थ्य दिसते. केवळ ‘मला मान्य नाही’ एवढे म्हणून प्रतिवादीला दावा लांबवता येत नाही. बचावाची वस्तुस्थिती शपथेवर मांडावी लागते आणि न्यायालय ती तोलून पाहते. ‘आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाउन’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही तोलण्याची रीत मांडली आहे. बचाव भक्कम असेल तर विनाअट परवानगी, खरेपणाबद्दल शंका असेल तर रक्कम जमा करण्याच्या किंवा तारण देण्याच्या अटीवर परवानगी, आणि बचाव पोकळ असेल तर परवानगीच नाही. देण्याचा काही भाग कबूल असेल तर तेवढी रक्कम भरल्याशिवाय परवानगी मिळत नाही. आमच्या व्यापाऱ्याने माल घेताना तक्रार केली नव्हती, नंतर बाकी मान्य केली होती, आणि त्याच बिलांवर जीएसटीचे इनपुट क्रेडिटही, म्हणजे खरेदीवरील कराची वजावट, घेतले होते. पुरवठादाराला 180 दिवसांत पैसे न दिल्यास ते क्रेडिट व्याजासह परत करावे लागते, हा मुद्दा आमच्या वकिलांनी नोटिशीतच घातला होता. न्यायालयाने रक्कम जमा करण्याच्या अटीवर परवानगी दिली. अट न पाळल्यास हुकूमनामा तत्काळ होतो, हे ठाऊक असल्यामुळे व्यापारी स्वतःहून तडजोडीला आला.

जर्मनीच्या प्रकरणात पहिला प्रश्न दावा कुठे करायचा हा होता. इथे हुकूमनामा घेऊन तिथे नेणे सोपे वाटते, पण परदेशी हुकूमनाम्यांच्या थेट अंमलबजावणीसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली भारताने जे देश अधिसूचित केले आहेत त्यांत जर्मनी नाही, आणि परदेशी निकाल मान्य करण्यापूर्वी जर्मन कायदाही परस्परतेची हमी पाहतो. म्हणून देणेकऱ्याच्या दारात जाणेच शहाणपणाचे ठरले. युरोपीय पेमेंट ऑर्डरबद्दल मी मोठ्या आशेने वाचले होते. 2006 च्या 1896 क्रमांकाच्या नियमनाने ती आली, 12 डिसेंबर 2008 पासून डेन्मार्क वगळता युरोपीय संघात लागू आहे, प्रतिवादीला विरोधासाठी 30 दिवस मिळतात, आणि विरोध न आल्यास तो आदेश वेगळी मान्यता न घेता इतर सदस्य देशांत अंमलात येतो. परंतु तिच्यासाठी दोन पक्षांपैकी किमान एकाचा अधिवास न्यायालयाच्या देशाहून वेगळ्या सदस्य देशात असावा लागतो. आम्ही वेंगुर्ल्याचे, देणेकरी जर्मनीचा आणि न्यायालयही जर्मनीचे. तेव्हा ती आम्हाला लागू नाही. बांद्यापलीकडे गोव्यात पोर्तुगीज पासपोर्ट असलेले काही निर्यातदार आहेत, त्यांच्यासाठी सांगतो की इथे नागरिकत्वाला अर्थ नाही, अधिवास पाहिला जातो.

उरली जर्मनीची स्वतःची पेमेंट ऑर्डर, आणि ती मात्र परदेशी धनकोलाही खुली आहे. ज्याचे जर्मनीत ठिकाण नाही अशा अर्जदारासाठी बर्लिनमधील वेडिंगचे न्यायालय नेमलेले आहे, त्यामुळे देणेकरी कोणत्या गावचा आहे याचा शोध घेत न्यायालय निवडावे लागत नाही. अर्ज ठरावीक नमुन्यात, जर्मन भाषेत, आणि रक्कम युरोत मांडून करावा लागतो. वकील सक्तीचा नाही, तरी पत्रव्यवहार सोपा व्हावा म्हणून आम्ही तिथला वकील नेमला. त्याचे शुल्क दरपत्रकाने ठरते आणि देणेकऱ्याकडे मागायच्या रकमेतच धरले जाते. बिलांच्या प्रती जोडाव्या लागत नाहीत. रक्कम खरोखर देणे आहे का, हे न्यायालय या टप्प्यावर तपासतच नाही. अर्ज नमुन्यात बसतो का, एवढेच पाहून आदेश निघतो. आदेश मिळाल्यावर देणेकऱ्याला दोन आठवडे असतात. तो गप्प राहिला तर आपण अंमलबजावणीचा आदेश मागायचा, आणि ही मागणी सहा महिन्यांच्या आत करावी लागते, नाहीतर पहिल्या आदेशाचा परिणाम संपतो. इथल्या तारखांची सवय असलेल्या माणसाला ही गती पाहून खरोखर समाधान वाटते.

या गतीची किंमत विरोधाच्या टप्प्यावर कळते. देणेकऱ्याने नमुन्यावर विरोधाची खूण केली की पुरे. कारण देण्याची गरज नाही, शपथ नाही, रक्कम जमा करणे नाही. मग प्रकरण साध्या न्यायालयात जाते, मोठ्या रकमेला तिथे वकील सक्तीचा होतो, आणि युरोपाबाहेरच्या वादीकडून खर्चासाठी तारण मागण्याचा हक्क प्रतिवादीला मिळतो. वाशीच्या व्यापाऱ्याने जो खवटपणाचा बचाव शपथेवर मांडला आणि ज्याची न्यायालयाने झडती घेतली, तो जर्मनीत त्याला मांडावाही लागला नसता. आमच्या आयातदाराने मागणीच्या काही भागालाच विरोध केला, म्हणजे व्याज आणि एका खेपेतील काही खोकी. बाकीची मुद्दल निर्विवाद राहिली, तिच्यावर अंमलबजावणीचा आदेश मिळाला आणि पैसे आले. विरोध झालेल्या तुकड्यासाठी तारण भरून लढणे आम्ही टाळले. निर्यातीची रक्कम ठरावीक मुदतीत देशात आणणे बंधनकारक असल्यामुळे बँक थकलेल्या शिपिंग बिलांचा पाठपुरावा करत होती. तिला दाखवण्यासाठी न्यायालयाचा हा कागद फार उपयोगी पडला.

रत्नागिरी-देवगडच्या हापूसवाल्यांचा माल दुबईला अधिक जातो, म्हणून त्या बाजूचे थोडक्यात. संयुक्त अरब अमिरातीतही लेखी पुरावा असलेल्या निश्चित रकमेसाठी पेमेंट ऑर्डर मिळते. अर्जापूर्वी देणेकऱ्याला किमान पाच दिवसांची मागणी-नोटीस द्यावी लागते आणि न्यायालयाची भाषा अरबी आहे. जानेवारी 2020 मध्ये भारताने अमिरातीला कलम 44अ खाली अधिसूचित केल्याने तिथला हुकूमनामा इथल्या जिल्हा न्यायालयात अंमलात आणता येतो. देणेकरी मूळचा खेड-दापोलीकडचा असेल आणि त्याची मालमत्ता गावाकडे असेल, तर ही अधिसूचना मोलाची आहे.

वाशीच्या प्रकरणात शेवटी जी तडजोड झाली तिच्याविषयी एक व्यवहाराची गोष्ट. हप्ते मान्य करताना आम्ही तडजोडीचा हुकूमनामाच करून घेतला, आणि एक जरी हप्ता चुकला तरी उरलेली सर्व रक्कम व्याजासह एकदम देय होईल, असे कलम त्यात घातले. त्यामुळे हप्ता चुकल्यास नवा दावा लागणार नाही. थेट दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून बँक खात्यावर जप्ती मागता येईल, आणि त्यासाठी 12 वर्षांची मुदत आहे. व्यापाऱ्याच्या बँक खात्याचा तपशील त्याच्याच जुन्या धनादेशांवरून आमच्याकडे होता. तो आम्ही तडजोडीच्या अटींमध्ये त्याच्या सहीनिशी लिहून घेतला.