जिप्सीची जाहिरात, वाकवलेला नियम आणि माझे 1,01,500 रुपये

जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींच्या ऑनलाइन समूहांत विक्रीची जाहिरात टाकण्याचे जे नियम असतात, त्यांची अनेकांना कटकट वाटते. हाताने लिहिलेली चिठ्ठी, स्पष्ट दिसणारी नंबरप्लेट, उघड किंमत, आरसीवरचे (नोंदणी प्रमाणपत्रावरचे) नाव हे सगळे कशाला, आपण तर एकमेकांना ओळखतो, असे म्हणणारे सदस्य प्रत्येक समूहात असतात. त्यांनी हे जरूर वाचावे. यातला प्रत्येक नियम एकेका लबाडीच्या वाटेवर घातलेला अडसर आहे, आणि तो एका जाहिरातीसाठी बाजूला सारला की काय होते ते माझ्या पासबुकात छापलेले आहे.

नागपूरकराला मारुती जिप्सीचे वेड का असते हे नागपूरकराला समजावून सांगावे लागत नाही. पेंच आणि ताडोबा आपल्या अंगणात असल्यासारखे आहेत, आणि सिल्लारी किंवा मोहर्लीच्या गेटवर पहाटे रांगेत उभी असलेली उघडी जिप्सी पाहतच आपल्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. 1985 साली भारतात आलेली ही गाडी कंपनीने सामान्य ग्राहकांसाठी बनवणे केव्हाच थांबवले आहे, त्यामुळे 1298 सीसी इंजिनाची चांगल्या स्थितीतली ‘किंग’ आता जुन्या बाजारातच शोधावी लागते. मी ती बराच काळ शोधत होतो आणि त्यासाठी पैसे बाजूला टाकत होतो. मी उतावळा नव्हतो, हे मुद्दाम नोंदवतो, कारण पैसे गेल्यानंतर प्रत्येकाने मला घाई केल्याचा दोष दिला.

जाहिरात 2009 च्या, दिल्ली पासिंगच्या, पेट्रोल जिप्सी किंगची होती आणि किंमत 3,85,000 रुपये मागितली होती. आमच्या समूहात अशा गाडीला पाच लाखांच्या खाली कुणी हात लावू देत नव्हते, हे मला ठाऊक होते. तरीही ती किंमत मला संशयास्पद वाटली नाही, आणि त्याला ठोस कारण होते. पंधरा वर्षांवरील पेट्रोल आणि दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर दिल्लीत बंदी आणणारा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये उचलून धरला, तेव्हापासून तिकडच्या उत्तम स्थितीतल्या गाड्या एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) घेऊन इतर राज्यांत कमी दरात जात आल्या आहेत. हौशी लोकांमध्ये हे सर्वांना माहीत आहे. फसवणाऱ्यालाही ते माहीत होते आणि त्याने किंमत बरोबर त्या हिशेबाने लावली होती. ती आणखी लाखभर कमी असती तर कुणाचाही विश्वास बसला नसता.

समूहाचा नियम असा होता की विक्रेत्याने त्या दिवसाची तारीख आणि स्वतःचे सदस्यनाव हाताने लिहिलेली चिठ्ठी नंबरप्लेटला लावून, दोन्ही एकाच चौकटीत दिसतील असा फोटो द्यावा. या जाहिरातीत चिठ्ठी बॉनेटवर ठेवलेली होती आणि नंबरप्लेटवर पांढरी पट्टी ओढलेली होती. एका सदस्याने विचारल्यावर ॲडमिनने उत्तर दिले की सुरक्षेसाठी नंबर झाकला असेल, सदस्य जुना आहे, चालेल. एवढेच नव्हे, तर जाहिरातीवर ‘पडताळणी झाली’ अशी हिरवी खूणही लावली. ते सदस्यखाते खरोखर जुने होते, मात्र ते मूळ मालकाच्या हातातून केव्हाच निसटले होते. ज्याचे खाते त्याच्याशी ॲडमिन एकदा फोनवर बोलला असता तर पाच मिनिटांत हे उघड झाले असते.

आता त्या फोटोबद्दल, कारण तो मी आजही मोबाइलमध्ये ठेवला आहे आणि तो पाहिला की माझ्या अंगाची लाही लाही होते. बॉनेट पावसाने भिजलेले आहे. पाण्याचे टपोरे थेंब अगदी वायपरच्या मुळापर्यंत दिसतात, काचेवर ओघळ आहेत, पुढच्या बंपरखालची जमीन ओली आहे. आणि या ओल्या पत्र्यावर वहीतून फाडलेला कागद पडला आहे, पूर्ण कोरडा, कोपरे ताठ, निळी शाई कुठेही फुटलेली नाही, आणि त्याच्या कडेखाली सावलीसुद्धा नाही. जाहिरात फेब्रुवारीतली होती. तो फोटो मी मोठा करून पाहिला होता, पण कशासाठी, तर बॉनेटला पोचे आहेत का आणि रंग मूळचा आहे का हे पाहण्यासाठी. गाडी विकत घेणारा माणूस गाडीच पाहतो. कागद खरा की खोटा हे पाहण्याचे काम ज्याने हिरवी खूण लावली त्याचे होते. मी पत्र्याची सांध न् सांध पाहत बसलो आणि लबाडी त्याच चौकटीत, माझ्या बोटाखाली, मोठी होऊन समोर होती.

खाली एका सदस्याने लिहिले होते की ही गाडी पूर्वी दुसऱ्या समूहात पाहिल्यासारखी वाटते, आणि किंमतही फार कमी आहे. ती टिप्पणी काही वेळाने काढून टाकली गेली. कारण दिले ते नियमाचे: दुसऱ्याच्या जाहिरातीवर किमतीबद्दल टीका करू नये. हा नियम मुळात विक्रेत्याची टिंगल थांबवण्यासाठी असतो, आणि तो योग्यच आहे, परंतु शंका आणि टीका यांतला फरक ज्याला कळत नाही त्याच्या हाती तो दिला की चोराला संरक्षण मिळते. म्हणजे जो नियम कडक पाळायला हवा होता तो सैल सोडला, आणि जो समजुतीने वापरायचा तो काठीसारखा वापरला. ज्या समूहात जाहिरातीखाली जाहीरपणे शंका विचारता येत नाही, तिथून स्क्रूसुद्धा विकत घेऊ नका.

मी चौकशी केली नाही असे नाही. आरसीचा फोटो मागवला, तो आला. एमपरिवहन या वाहननोंदणी दाखवणाऱ्या सरकारी ॲपवर नंबर टाकला, तेव्हा गाडी जिप्सीच निघाली, वर्ष जुळले, आणि मालकाच्या नावाची जी अक्षरे झाकलेली नव्हती तीही आरसीशी जुळली. याहून अधिक सामान्य माणूस काय तपासणार? पुढे गाडीच्या मूळ मालकाचा शोध लागला तेव्हा कळले की गाडी त्याच्याच घरी उभी आहे. दीड वर्षापूर्वी पावसाळ्यात त्याने ती विकायला काढली होती, आणि गिऱ्हाईक म्हणून फोन करणाऱ्या कुणाला तरी विश्वासाने आरसीचा पूर्ण फोटो पाठवला होता. तोच फोटो माझ्याकडे आला. तेव्हा विकणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे: आरसीवर कुणासाठी आणि कोणत्या तारखेला दिली हे आडवे लिहिल्याशिवाय तिचा फोटो कुणालाही देऊ नका. आणि घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की ॲपवर गाडी दिसते याचा अर्थ गाडी अस्तित्वात आहे एवढाच होतो. ती बोलणाऱ्याच्या ताब्यात आहे असा होत नाही.

पैसे असे गेले. आधी 10,000 रुपये टोकन. नंतर 45,000 रुपये किमतीपैकी आगाऊ, कारण त्याशिवाय तो एनओसीचा अर्ज करणार नव्हता. यूपीआयवर नाव वेगळे आले, तर खाते मेहुण्याचे असल्याचे सांगितले. मग एनओसीचा, म्हणजे नमुना 28 चा, शिक्क्यासह फोटो आला आणि गाडी कॅरियरवर चढवण्याचे 28,500 रुपये मागितले गेले. ते दिल्यावर बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराची मालपावती, आली. त्यानंतर वाटेतल्या विम्याचे 18,000 रुपये, जे गाडी नागपुरात उतरताच परत मिळणार होते. शेवटी फोन आला की राष्ट्रीय महामार्ग 44 वर सिवनीजवळ गाडी अडवली आहे, आणखी 32,000 रुपये लागतील. तिथे मी नकार दिला, आणि त्या क्षणापासून तो नंबर बंद आहे. एकूण 1,01,500 रुपये.

त्या काळात मी ॲपवर आरसीची स्थिती पुन्हा पाहिली होती. तिथे ‘ॲक्टिव्ह’ दिसले आणि मला हायसे वाटले. वास्तविक एनओसी निघाली असती तर तशी नोंद त्या स्थितीत दिसायला हवी होती. ‘ॲक्टिव्ह’ याचाच अर्थ हातातला कागद खोटा होता. बिल्टीवरचा पत्ता दिल्लीचा आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात 24 ने, म्हणजे गुजरातच्या संकेतांकाने. दिल्लीचा 07 असतो, आपला 27. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणताही क्रमांक फुकट तपासता येतो. बिल्टी आली की पैसे पाठवण्यापूर्वी तो तपासा.

यानंतरची कथा अधिक चीड आणणारी आहे. मी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच रात्री तक्रार केली आणि तिचा पोचक्रमांक मिळाला. दुसऱ्या दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो, तर समोरच्या कर्मचाऱ्याने कागद हातातही न घेता विचारले, “पैसे तुम्हीच पाठवले ना भाऊ? मंग यात चोरी कुठं झाली?” मी सायबर विभागाकडे जावे असे सांगण्यात आले. तिथे सांगितले की रक्कम पाहता आधी स्थानिक ठाण्यात नोंद करून या. पुन्हा ठाण्यात गेलो तर आरोपी दिल्लीकडचा असल्याने तक्रार तिकडेच द्यावी, असा सल्ला मिळाला. मी नागपुरात राहतो, पैसे नागपुरातून गेले, जाहिरात नागपुरात पाहिली, आणि तक्रार मात्र ज्याचा चेहरा मी पाहिलेला नाही त्याच्या गावी जाऊन द्यायची! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट म्हटले आहे की गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी. हे मी छापील प्रत दाखवून सांगितले, तेव्हा ‘आम्हाला कायदा शिकवू नका’ असे ऐकावे लागले.

बँकेची तऱ्हा तीच. माझ्या शाखेत सांगितले की व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केला असल्याने बँकेचा काही संबंध नाही. समोरच्या बँकेने कॅरियरच्या नावाच्या खात्यातले 4,310 रुपये गोठवले आहेत, आणि तेवढ्यासाठीही न्यायालयाचा आदेश आणा म्हणतात. परिवहन कार्यालयात मी बनावट एनओसी दाखवली, कारण दुसऱ्या राज्याच्या कार्यालयाचा खोटा शिक्का वापरला जात असेल तर त्याची दखल तरी घेतली जाईल, असे मला वाटले होते. खिडकीवरच्या बाईंनी ती पाहिली, ‘ही आमची नाही’ म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला बोलावले. नागरिकाने सावध राहावे, तातडीने तक्रार करावी, पुरावे जपावेत, असे फलक शहरभर लावलेले आहेत. मी सावध नव्हतो असे कुणी म्हणो, पण तक्रार तातडीने केली, पुरावे जपले, आणि ते घेऊन प्रत्येक दारात उभा राहिलो. घेणारा हात कुठेच पुढे आला नाही.

आणि समूहाचे ॲडमिन? त्यांनी नियमावलीतली शेवटची ओळ पाठवली: व्यवहार ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर करावेत. मला ही ओळ मान्य आहे, पण मग हिरवी खूण लावू नका. पडताळणी केली असे लिहायचे, शंका विचारणाऱ्याला गप्प बसवायचे, आणि पैसे बुडाल्यावर त्या ओळीमागे जायचे, हे चालणार नाही. जाहिरात काढून टाकली, तीही मला न विचारता, म्हणजे माझा पुरावा पुसून. नशीब की मी आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. ज्या समूहांत जाहिराती चालतात तिथल्या ॲडमिननी किमान एवढे करावे: चिठ्ठी आणि नंबरप्लेट एका चौकटीत नसेल तर जाहिरात जाऊ देऊ नये, मग टाकणारा संस्थापक सदस्य का असेना, आणि फसवणुकीची जाहिरात पुसण्याऐवजी बंद करून ठेवावी.

गाडी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. दूर असेल तर त्या शहरातल्या कुणाला तरी पाठवा आणि इंजिनाच्या आवाजाचा नव्हे, चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासल्यावर उमटणाऱ्या ठशाचा व्हिडिओ मागा. ज्याच्याकडे गाडी नाही त्याला तो देता येत नाही. यूपीआयवर आरसीपेक्षा वेगळे नाव आले तर तिथेच थांबा, मेहुणा असो की भाऊ.

मी भारतीय न्याय संहितेचे कलम 318(4) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 ड यांचा उल्लेख करून लेखी तक्रार टपालाने पोलीस उपायुक्तांकडे पाठवली आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) नुसार तशी सोय आहे, आणि तिथेही काही झाले नाही तर मी दंडाधिकाऱ्यांकडे जाणार आहे. मूळ मालकाने त्याच्या गावी तक्रार दिली आहे. तेच फोटो आता दुसऱ्या एका समूहात 3,60,000 रुपये किमतीने आणि नव्या तारखेच्या चिठ्ठीसह फिरत आहेत. नागपूर, वर्धा, भंडारा, अमरावती या भागांतल्या ज्या कुणाला दिल्ली पासिंगच्या या पांढऱ्या जिप्सीसाठी कॅरियरचे पैसे भरायला सांगितले गेले असेल, त्याने रक्कम कितीही लहान असली तरी आपल्या ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी आणि 1930 वर तेच खाते नोंदवावे. एकाच खात्यावर अनेक तक्रारी जमल्या तर ही आमची हद्द नाही असे म्हणणे त्यांनाही कठीण जाईल.