झोटेरो वापरून बघितलं आणि दोन कोसंबी वेगळे झाले

झोटेरो म्हणजे संदर्भ गोळा करून संदर्भसूची आपोआप लावून देणारं सॉफ्टवेअर. पण आधी दुकानाचं सांगते, कारण त्याशिवाय त्याचं कौतुक कळणार नाही. आमच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक झेरॉक्स-टायपिंग-बाइंडिंगवाले आहेत, नाव नको, पण तिथे एमएचं अर्ध कॉलेज उभं असतं. डेझर्टेशन टाइप करून घ्यायचं, वर संदर्भसूची 'सेट करून' मिळते, एका एंट्रीला आठ रुपये. माझ्या एकशे बारा एंट्र्या होत्या, म्हणजे जवळजवळ नऊशे रुपये नुसत्या स्वल्पविराम आणि टिंबांचे. मी दिले, कारण डोकं चालत नव्हतं.

विषय जुन्नरची लेणी आणि व्यापारी मार्ग, त्यामुळे कोसंबी येणारच, तेही दोन. वडील धर्मानंद कोसंबी, गोव्यातल्या सांखवळचे, पाली आणि बौद्ध धर्माचे अभ्यासक. मुलगा दामोदर धर्मानंद, म्हणजे डी. डी., मूळचा गणिती आणि नंतर इतिहासकार, पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी तुडवलेला माणूस. इंग्रजी सूचीत वडील 'कोसंबी, डी.' आणि मुलगा 'कोसंबी, डी. डी.' असे येतात. दुकानातल्या दादाला वाटलं की माझ्याकडून एक डी चुकून दोनदा पडलाय, त्यांनी बिचाऱ्यांनी आपणहून सगळीकडचा जास्तीचा डी काढून टाकला. गाइड मॅडमनी पहिलंच पान बघितलं आणि शांतपणे विचारलं, अगं, धर्मानंद १९४७ ला वारले, त्यांनी १९५६ साली पुस्तक कसं काय काढलं? मला जमिनीत जावंसं वाटलं.

त्यात भर म्हणजे प्रत्येक एंट्रीतली दुसरी ओळ जी थोडी आत सरकलेली असते ना, ती दादांनी स्पेसबार दाबून दाबून सरकवलेली. वर्डमध्ये ते उलट्या पी सारखं चिन्ह दाबलं तर पानभर टिंबंच टिंबं, रांगोळी घातल्यासारखी. वर एक शब्द वाढवला की खालची अख्खी सूची वाकडी. आणि प्रत्येक पुस्तकापुढे प्रकाशनाचं गाव, पुणे, मुंबई, दिल्ली. आम्हाला एपीए, म्हणजे संदर्भ लिहायची एक ठरलेली पद्धत, वापरायची असते. तिच्या सहाव्या आवृत्तीत ते गाव लागायचं, सातवी आली २०१९ ला, त्यात काढून टाकलं. दुकानातला नमुना जुना, तोच सगळ्यांना मिळतो.

तर त्या रात्री हॉस्टेलवर सीनियर ताईंनी झोटेरो टाकून दिलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यावर चालतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीतल्या इतिहासवाल्यांच्या एका केंद्राने हे काढलं, तेव्हा फायरफॉक्सला जोडायची एक पट्टी होती फक्त. इतिहासवाल्यांनी बनवलंय हे कळल्यावर मला उगाचच आपलं वाटलं. नाव अल्बेनियन भाषेतल्या शब्दावरून आहे, अर्थ साधारण एखादी गोष्ट हस्तगत करणं, प्रभुत्व मिळवणं असा.

वापरायचं कसं, तर ब्राउझरमध्ये त्याचं बटण बसवायचं, जर्नलचं पान उघडं असलं की बटण दाबलं, लेखक, वर्ष, अंक, पानं सगळं आपोआप आत, पीडीएफ मिळण्यासारखी असेल तर तीही. पुस्तक हातात असेल तर मागचा आयएसबीएन नंबर टाकायचा. मग वर्डमध्ये झोटेरोचा टॅब येतो, लिहिता लिहिता तिथून आडनाव शोधायचं, पान नंबर टाकायचा, एंटर. शेवटी सूचीचं बटण दाबलं की जेवढे संदर्भ मजकुरात आलेत तेवढेच, अक्षरानुसार लागून, ओळ आत सरकून तयार. मजकुरात आहे पण सूचीत नाही, सूचीत आहे पण मजकुरात नाही, ही जी व्हायवामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास पकडतात ती चूकच होत नाही.

आणि कोसंबींचं काय झालं ते बघा. दोघांना नीट वेगवेगळं टाकलं, तर मजकुरात बाकी सगळ्यांचं फक्त आडनाव आणि वर्ष, पण या दोघांपुढे त्याने स्वतःहून आद्याक्षरं लावली, एकीकडे एक डी, एकीकडे दोन. एपीएचा तसा नियमच आहे, एकाच आडनावाचे दोन लेखक असले की आद्याक्षर लावायचं, मला माहीतच नव्हतं, मॅडमनाही आधी वाटलं की काहीतरी गडबड आहे. मात्र हीच गोष्ट उलटूही शकते. एकाच माणसाला तुम्ही एकदा पूर्ण नावाने आणि एकदा अर्धवट आद्याक्षराने टाकलं तर ते त्याला दोन माणसं समजतं. म्हणजे नावं टाकताना आळस चालणार नाही.

सबमिशनला दोन दिवस असताना डिपार्टमेंटने कुठलीतरी वेगळीच स्टाइल मागितली (दरवर्षी होतं म्हणे). मी सेटिंगमध्ये जाऊन स्टाइल बदलली, चहाचा कप उचलायच्या आत एकशे बाराच्या एकशे बारा एंट्र्या बदलल्या. शेजारच्या टेबलवर दोघंजण हाताने करत बसले होते, त्यांचे चेहरे बघवत नव्हते. दुसऱ्या दिवशी नोटीस फिरली, एपीएच राहू द्या. परत बदलली.

आता कुरकुर. जे आत येतं ते साइटवर जसं असेल तसंच येतं. काही साइटवर लेखाचं नाव सगळं मोठ्या अक्षरांत असतं, ते तसंच येतं, राइट क्लिक करून सेंटेन्स केस करावं लागतं आणि मग विशेषनामं परत हाताने कॅपिटल. दुसरं, सूचीत वर्डमध्येच हाताने दुरुस्ती करू नका, पुढच्या रिफ्रेशला ती जाते. मी तीन वेळा तेच एक स्पेलिंग सुधारलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, दुरुस्ती मूळ एंट्रीतच करायची. झोटेरोच्या सर्व्हरवर फुकट जागा ३०० एमबी, फायलींसाठी. ग्रंथालयात मोबाइलने काढलेले स्कॅन ठेवले की ती बघता बघता भरते. पण नुसत्या संदर्भांच्या नोंदी त्यात धरत नाहीत, त्यामुळे फायलींचा सिंक बंद करून पीडीएफ आपल्या पेनड्राइव्हवर ठेवल्या तरी निभतं.

मराठीत लिहिणाऱ्यांचं काम जास्त आहे हे खरंय. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएनच नसतो, नव्याचा नंबर टाकला तर बऱ्याचदा नाव रोमन लिपीत, डोक्यावर आडव्या रेघा घेऊन येतं, कारण परदेशी ग्रंथालयांच्या नोंदी तशाच असतात. मला इंग्रजी डेझर्टेशनला ते चाललं. रूममेट मराठी विभागात, तिला सगळं देवनागरीत हाताने टाकावं लागलं. शकाचं वर्ष असेल तर ७८ मिळवून इसवी सन करायचा, शके १८५२ म्हणजे साधारण १९३०. दोन लेखकांच्या मध्ये 'आणि' हवा तिथे इंग्रजी स्टाइल आपलं अँडचं चिन्ह घालते, तळटिपेतलं 'तत्रैव' (म्हणजे 'वरच्याच ठिकाणी') तिला कुठून माहीत असणार. तिने शेवटी फाइलची एक कॉपी काढली, त्या कॉपीत झोटेरोचे दुवे तोडले, म्हणजे संदर्भ नुसता साधा मजकूर झाले, आणि शोधा-बदला करून सगळं मराठी केलं. क्षीरसागर क मध्ये गेले होते, कारण युनिकोडच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या पद्धतीच्या, हिशोबात क्ष म्हणजे क आणि ष जोडलेला. आपल्या शाळेतल्या मुळाक्षरांत तो शेवटी शेवटी, पण कोशांतही तो क मध्ये सापडतो, म्हणून तिच्या सरांनी ते चालवून घेतलं.

आणि हो, हे सॉफ्टवेअर संदर्भ नीट लावून देतं, तो खरा आहे का हे बघणं आपलं काम. वर्गातल्या एकाने चॅटबॉटकडून वीस संदर्भ मागून घेतले, मॅडम म्हणाल्या यातलं एक पुस्तक आणून दाखव, तो अजून शोधतोय. युजीसीचा २०१८ चा नियम सगळ्यांना पाठ असतो, दुसऱ्यांच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. म्हणून लोक शब्द फिरवत बसतात. अरे, कल्पना दुसऱ्याची असेल तर शब्द फिरवले तरी नाव द्यावंच लागतं ना. शिवाय संदर्भसूची त्या मोजणीतून वगळतात, तेव्हा सूची वाढली म्हणून टक्के वाढतील ही भीती नको.

माझ्याकडून पाचात साडेचार, अर्धा मराठीसाठी कापला. शिकायला मला एक संध्याकाळ लागली, पण ती पहिल्या वर्षीच घालवली असती तर नऊशे रुपये वाचले असते.

बाइंडिंग मात्र त्याच दुकानात केलं, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, ते काम त्यांचं एक नंबर आहे. फक्त पीडीएफ घेऊन जा. माझ्या मैत्रिणीने वर्डची फाइल दिली, ती त्यांनी दुसऱ्याच कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून सेव्ह केली आणि सगळे झोटेरोचे दुवे गायब. वर दादा म्हणाले, ताई, त्या करड्या पट्ट्या दिसत होत्या, मी काढून टाकल्या.