बायोवॉशचे ॲसिड सेल्युलेज: वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

इचलकरंजीतील आमच्या छोट्या प्रोसेसिंग युनिटमध्ये होजिअरीच्या सुती कापडाला बायोवॉश देण्यासाठी, म्हणजे त्यावरची लव एन्झाइमने काढण्यासाठी, एका पुरवठादाराचे द्रवरूप ॲसिड सेल्युलेज (आम्लधर्मी पाण्यात सुताचा सेल्युलोज तोडणारे एन्झाइम) आम्ही वर्षभर वापरत आहोत. हे एन्झाइम ट्रायकोडर्मा रीझीआय या बुरशीपासून तयार होते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याच्या सुती तंबूंना जिने कुजवले, तीच ही बुरशी; तिच्या त्या मूळ वाणापासूनच पुढचे औद्योगिक वाण विकसित झाले. कापड खाणे हा तिचा स्वभावच असल्यामुळे हे उत्पादन वापरताना बेसावध राहून चालत नाही.

पीएच 4.5 ते 5.5 आणि तापमान 50 ते 55 अंश सेल्सिअस सांभाळले, तर पाऊण तासात लव निघते. उजेडासमोर घडी आडवी धरली असता आधी धुरकट दिसणारी तिची कड नंतर रेघेसारखी स्वच्छ दिसते आणि अनेक धुण्यांनंतरही कापडावर गोळे धरत नाहीत. एन्झाइम तंतूचे टोक फक्त कमजोर करते, ते तुटते यंत्रातील घासण्यामुळे. म्हणून मशीन गच्च भरल्यास मात्रा वाढवूनही उपयोग होत नाही.

माझी खरी तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. प्रक्रिया थांबवण्याविषयी त्यात केवळ ‘नंतर धुवावे’ एवढेच लिहिले आहे. आमचा एक लॉट जेवणाच्या सुट्टीत बाथमध्येच, म्हणजे एन्झाइमच्या पाण्यातच, राहिला आणि ते कापड शिलाईपाशी हलकेच ओढले तरी उसवू लागले. गार पाण्याने धुतल्यावरही एन्झाइम निकामी होत नाही. त्यासाठी सोडा ॲश घालून पीएच 10 च्या आसपास न्यावा लागतो किंवा बाथ 80 अंशांवर दहा मिनिटे ठेवावा लागतो. शिवाय बोअरचे पाणी अल्कधर्मी असल्यास आधी ॲसेटिक ॲसिड घालून पट्टीने पीएच तपासावा आणि मगच एन्झाइम सोडावे. पत्रकात हा क्रम उलटा छापला आहे. कॅन पत्र्याच्या शेडखाली ठेवू नये, उन्हाळ्यात त्याचा जोर उतरतो.

जीन्ससाठी मात्र मी हे सुचवणार नाही, कारण सुटलेली नीळ बाण्याच्या (आडव्या) पांढऱ्या धाग्यावर परत बसते. तेथे ह्युमिकोला इन्सोलेन्स बुरशीचे न्यूट्रल (उदासीन पीएचला काम करणारे) सेल्युलेज वेळ अधिक घेत असले, तरी बरे पडते. टी-शर्टच्या कापडासाठी आम्ही हाच कॅन पुन्हा मागवला आहे. आता सोडा ॲश मोजून मशीनशेजारी ठेवल्याशिवाय बाथ सुरू करत नाही.