रस्ट कन्व्हर्टर : पद्मिनीच्या सांध्यांवर दोन पावसाळ्यांचा अनुभव

टॅनिक आम्ल आणि पॉलिमर यांचे मिश्रण असलेला, दुधासारखा पांढरा दिसणारा आणि गंजावर लावताच काळा पडणारा रस्ट कन्व्हर्टर हल्ली अनेक कंपन्या विकतात. त्यांपैकी एकाची अर्ध्या लिटरची बाटली मी एप्रिल २०२२ मध्ये घेतली आणि रत्नागिरीत असलेल्या माझ्या १९८१ च्या प्रीमियर पद्मिनीवर वापरली. डिकीचा तळ, मागच्या मडगार्डांचे सांधे आणि दोन्ही बाजूंचे उंबरे, म्हणजे दारांखालून जाणाऱ्या पोकळ पेट्या, अशा तीन जागी ती लावली. गंज कायमचा थांबेल, असे आश्वासन बाटलीवर छापलेले होते. उघड्या पत्र्यावर ते बऱ्याच अंशी खरे ठरले. सांध्यांत मात्र ते खोटे ठरले, आणि पद्मिनी खचते ती सांध्यांतूनच.

त्याचे कारण गाडीच्या घडणीतच आहे. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागलेली फियाट ११०० डी हीच पुढे पद्मिनी झाली. या गाडीला स्वतंत्र चासी नाही. सगळा भार बॉडीच पेलते आणि त्यातला मोठा वाटा उंबऱ्यांवर असतो. उंबरा तयार करताना दोन-तीन पत्र्यांच्या कडा एकमेकींवर ठेवून ठरावीक अंतरावर स्पॉट वेल्डिंगचे, म्हणजे ठिपक्यांसारखे, टाके घातलेले असतात. दोन टाक्यांच्या मधली फट केसाएवढी असली, तरी तेवढी फट पाणी आपसूक आत ओढून घ्यायला पुरते आणि तेच पाणी बाहेर पडायला पुरत नाही. तिथे रंग पोहोचलेला नसतो. किनाऱ्यावर हवेतला क्षार त्या फटीत जाऊन बसतो आणि ओल धरून ठेवतो, म्हणून पावसाळा संपल्यानंतरही सांधा आतून सुकत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो; तो फुगतो, पत्रे एकमेकांपासून दूर ढकलतो आणि शेवटी वेल्डिंगचे टाके उचकटतो. बाहेरून रंगाखाली पहिला फोड दिसतो, तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते.

कन्व्हर्टरचे रसायन आपल्याकडे नवे नाही. हिरडा आणि हिराकस एकत्र करून पूर्वी काळी शाई बनवत असत. टॅनिन आणि लोह यांचा तोच संयोग इथेही होतो. गंजाचे रूपांतर काळ्या, स्थिर संयुगात होते आणि सोबतचा पॉलिमर त्यावर पातळ थर धरतो. डिकीच्या तळावर मी आधी तारेच्या ब्रशने सुटे पापुद्रे काढले, थिनरने पुसून घेतले, दोन हात दिले, एक पूर्ण दिवस सुकू दिले आणि वर इपॉक्सी प्रायमर व रंग चढवला. दोन पावसाळ्यांनंतरही त्या तळावर एकही नवा डाग आलेला नाही. एवढ्या कामासाठी ही बाटली उत्तम आहे, हे मी मनापासून सांगतो. ब्रश न मारता, खपल्यांवरच लावली तर मात्र काळा थर खपलीसकट गळून पडतो, कारण द्रव गंजाच्या वरच्या भागातच मुरतो आणि खालचा गंज आपले काम चालू ठेवतो.

सांध्यांत नेमके हेच घडले. इंजेक्शनच्या सिरिंजने मी तो द्रव उंबऱ्याच्या खालच्या कडेत सोडला होता. फटीच्या तोंडाशी सुंदर काळी रेघ उमटली आणि काम झाले, असे मला वाटले. ऑक्टोबर २०२३ मध्ये डाव्या उंबऱ्याचा रंग फुगलेला दिसला, म्हणून ओळखीच्या डेंटरकडून ती कड उघडून घेतली. तोंडापासून चार-पाच मिलिमीटर काळे होते. त्यामागे लाल, ओला, पदर सुटलेला गंज होता आणि आतला पत्रा बोटाने दाबताच आत गेला. कन्व्हर्टरच्या थराने फटीचे तोंड अर्धवट बंद केल्यामुळे आतली ओल उलट कोंडली गेली असावी, असा माझा तर्क आहे. फॉस्फोरिक आम्लाचे कन्व्हर्टर तर सांध्यासाठी मी अजिबात सुचवणार नाही. ते लावल्यावर धुवावे लागले तर धुण्याचे पाणी आत राहते, आणि धुतले नाही तर आम्ल आत राहते.

त्यानंतर जे केले, तोच सांध्याचा खरा उपचार आहे, असे आता माझे ठाम मत आहे. कुजलेली कड कापून २० गेजच्या, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची नवी पट्टी वाकवून घेतली. उंबरा कापण्याआधी डेंटरने दाराच्या चौकटीत आडवा अँगल टाचून घेतला. हे न करता उंबरा कापला तर बॉडी खाली बसते आणि नंतर दार कधीच नीट लागत नाही. गॅरेजमध्ये घाई दिसली, तरी मालकाने या एका गोष्टीवर अडून बसावे. दोन्ही पत्र्यांच्या आतल्या बाजूंना वेल्डिंग सहन करणारा जस्ताचा प्रायमर लावून मगच सीओटू वेल्डिंग केले. बाहेरून प्रायमरवर पॉलियुरेथेनचा सीलर, माझ्या बाबतीत सिकाफ्लेक्स-२२१, सांध्यात दाबून भरला. तो हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतो आणि घट्ट झाल्यावरही लवचिक राहतो, त्यामुळे खड्ड्यांत बॉडी पिळली तरी लांबीसारखा, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायच्या पुटीसारखा, तडकत नाही. सांध्यावर लांबी भरून देणारे गॅरेज दिसले, तर गाडी तिथून परत आणावी. लांबी पाणी शोषते आणि वरच्या गुळगुळीत रंगाखाली ते महिनोन्महिने धरून ठेवते.

शेवटचे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम कॅव्हिटी वॅक्सचे, म्हणजे पोकळ पेट्यांच्या आत फवारायच्या मेणाचे. लांब नळीच्या टोकाशी चहूबाजूंनी फवारणारा नोझल असतो. तो पेटीच्या टोकापर्यंत घालून हळूहळू मागे ओढत फवारायचे. वॅक्स पातळ असताना फटीत शिरते आणि कन्व्हर्टर जिथे पोहोचला नाही, तिथवर जाऊन पाण्याची जागा घेते. हे काम मे महिन्यात, गाडी दोन-तीन दिवस उन्हात तापून सांधे कोरडे झाल्यावर करावे; मी तसेच केले. वेल्डिंगची सगळी कामे त्याआधी उरकलेली असावीत, कारण वॅक्स पेट घेते. पाण्याच्या निचऱ्याची भोके नंतर तारेने मोकळी करणेही तितकेच आवश्यक आहे. आपल्याकडे जळके ऑइल फवारण्याची जुनी पद्धत आहे. त्यामागची कल्पना योग्य असली तरी ते ऑइल गळून जाते आणि दाराखालची रबरे खराब करते. डांबरी अंडरकोटिंग तर गंजलेल्या सांध्यावर मारूच नये. त्याखाली गंज वाढत राहतो आणि डोळ्यांना दिसतही नाही.

डावा उंबरा पूर्ण करायला गॅरेजमध्ये नऊ दिवस लागले आणि दोन्ही बाजूंना मिळून वॅक्सचे चार डबे संपले. कन्व्हर्टरची बाटली अजून एक तृतीयांश शिल्लक आहे. ती बॅटरीच्या ट्रेसाठी आणि बंपरच्या ब्रॅकेटांसाठी मी ठेवली आहे. मागच्या मडगार्डांचे सांधे अजून उघडायचे आहेत. तिथेही बाहेरून तीच सुंदर काळी रेघ दिसते.