तारांची चाकं, ११ महिने आणि एक छोटा पाना

अलॉय (बिनतारांची, ओतीव चाकं) घ्या असं घरच्यांसकट सगळ्यांनी सांगितलं होतं तरी रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५० मी तारांच्या चाकांचीच घेतली, कारण मला ती तशीच आवडते. आता ११ महिने झालेत, ९ हजार किमीच्या वर गाडी फिरलीये, रोज नाशिकमध्ये सिडको ते सातपूर आणि सुट्टी मिळाली की त्र्यंबक, वणी नाहीतर थेट सापुतारा. इंजिनबद्दल लिहिणारे खूप आहेत, मी फक्त चाकांबद्दल लिहितो.

नवीन चाकाच्या तारा सुरुवातीला थोड्या सैल होतातच. तारेचा वाकडा भाग हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) भोकात बसतो, निपल, म्हणजे तारेच्या दुसऱ्या टोकाचं छोटं नट, रिममध्ये बसतं आणि ताण उतरतो, त्यामुळे पहिल्या सर्व्हिसला तारा बघा असं मुद्दाम सांगायचं. मी सांगितलं नव्हतं.

पावसाळ्यानंतर मागचं चाक किंचित लचकतंय असं वाटायला लागलं म्हणून एका गॅरेजला दिली तर त्यांनी आउट (चाक फिरताना रिम किती वाकडी जाते ते) वगैरे न बघता सरसकट सगळ्या तारा आवळून दिल्या. मग ८ दिवसात २ पंक्चर. दुसरं अंजनेरीजवळ झालं, आणि तिथल्या पंक्चरवाल्या दादांनी ट्यूब हातात देऊन दाखवलं की भोक टायरच्या बाजूला नाहीच, रिमच्या बाजूला आहे. तारांची टोकं निपलमधून वर आली होती आणि रिम टेप (ट्यूबखाली रिमवर असलेली पट्टी) फाडून ट्यूबला टोचत होती. त्यांनी टोकं कानशीने घासली, जुन्या ट्यूबची पट्टी कापून टेपच्या जागी लावली, तेव्हा कुठे घरी पोचलो.

त्यानंतर पंचवटीतले एक जुने मिस्त्री भेटले, आयुष्यभर सायकली आणि बुलेटची चाकं बांधलेले. त्यांनी आधी समजावलं की बैलगाडीच्या चाकात वजन खालच्या लाकडी आऱ्यावर उभं राहतं, पण इथे तार बारीक, दाबली तर वाकेलच, म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून ठेवलेल्या असतात आणि वजन आलं की खालच्यांचा ताण थोडा उतरतो, एवढंच. हे कळल्यावर एक सैल तार म्हणजे तिच्या शेजारणींवर जास्तीचा भार हे आपोआप डोक्यात बसलं.

आता दर १५ दिवसांनी गाडी मेन स्टँडवर घेतो, मागचं चाक हळू फिरवत प्रत्येक तारेवर छोटा पाना टेकवतो. चांगली तार टण्ण वाजते, सैल तार बद्द. पुढच्या चाकासाठी धाकटा भाऊ मागच्या सीटवर बसतो म्हणजे ते उचललं जातं. आउट बघायला मागे स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला), पुढे फोर्कला, एक केबल टाय बांधायचा आणि त्याचं टोक रिमच्या अगदी जवळ आणायचं, चाक फिरलं की कुठे घासतंय ते लगेच दिसतं. रिम डावीकडे गेली असेल तर तिथल्या उजव्या बाजूच्या तारा आवळायच्या आणि डाव्या तेवढ्याच सोडायच्या. वरखाली उडत असेल तर जिथे उंच आहे तिथल्या दोन्ही बाजूंच्या आवळायच्या. एका वेळी पाव फेरा, जास्त नाही!! आणि दिशा नीट बघा, टायरच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवलं की आवळतं, हबकडून बघितलं तर उलटं, इथे मी सुरुवातीला दोनदा चुकलो. पानापण निपलच्या मापाचाच घ्या, पकडीने फिरवलं की कडा गोल होतात आणि मग ते निपल कुणालाच फिरत नाही.

त्र्यंबक रोडचा पाऊस म्हणजे काय ते नाशिककरांना माहितीये. चिखल निपलच्या बुडाशी वाळला की गंज तिथूनच धरतो. मी शाम्पूचं पाणी आणि जुना टूथब्रश वापरतो, वेळ जातो, साधारण अर्धा तास, पण ॲसिडचं क्लीनर कधीच नाही. प्रेशरचा पाइप हबवर धरू देत नाही, बेअरिंगमध्ये पाणी जातं. कोरडं केलं की तेलाचा बोळा तारांवर फिरवायचा आणि निपलला एकेक थेंब.

खरा तोटा पंक्चरचा. ट्यूबलेसवाला पट्टी घालून १० मिनिटात निघतो, आपल्याला चाक काढावं लागतं, म्हणून ट्यूब आणि टायर लिव्हर कायम सोबत असतात. तरी पुन्हा घेतली तर तारांचीच घेईन. परवा हरसूलकडून आल्यावर मागच्या दोन तारा बद्द वाजल्या, दोन्हींना पाव पाव फेरा दिला, केबल टायला रिम कुठेच लागली नाही. नवीन रिम टेप दोन्ही चाकांना पावसाच्या आधी घालणार आहे.