आखाजीत (अक्षय्य तृतीयेला) दंडावर लावलेला शुगरचा सेन्सर, १४ दिवसांचा (टिकला ११ च)

कंपनीचं नाव टाकत नाही कारण पुढे तक्रार पण आहे. वस्तू म्हणजे दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायची एक गोल टिकली, नाण्यापेक्षा जरा मोठी, खाली केसासारखी बारीक तार असते ती चामडीत जाते आणि मग मोबाईलवर दर काही मिनिटाला शुगर दिसत राहते. लावताना दुखलं नाही, खटकन आवाज आला तेवढंच. पाच हजाराच्या आतबाहेर पडला. हिने किंमत ऐकून तेवढ्यात किती किलो शेंगदाणे आले असते ते लगेच सांगितलं. आई म्हणे, "हाई काय लायेल शे रे हातले?"

मला डायबेटिस नाहीये अजून. फास्टिंग (उपाशीपोटीची शुगर) ११२, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी टेस्ट) ६.१, डॉक्टरसाहेब म्हटले काठावर आहात. अमळनेरला खत-बियाण्याचं दुकान आहे, दिवसभर गादीवर बसून, वडिलांना पण शुगर होती, तर म्हटलं एकदा बघू तरी आत काय चालतं. आणि मुहूर्त कोणता निवडला तर आखाजी. बहिणी माहेरी आलेल्या, घरात खापरावरचे मांडे आणि आमरस. दोन मांडे खाल्ले (खोटं कशाला बोलू, अडीच) आणि मोबाईल घेऊन बसलो. सव्वा तासात २२८. बहीण म्हणे फेकून दे ते, सणाला कशाला बघतो.

पण मजा त्याच्या पुढे आहे. माणसाच्या अंगात रक्त साधारण पाच लिटर आणि त्यात एका वेळी साखर किती, तर जवळपास एक चहाचा चमचा. बस. मांडे आणि रस मिळून त्याच्या कितीतरी पट साखर पोटातून रक्तात ढकलतात, आणि तरी आकडा हजारावर जात नाही कारण स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्शुलिन सोडतात, ते स्नायूंना आणि चरबीला साखर आत घ्यायला लावतं आणि लिव्हरला म्हणतं तू तुझी साखर बनवणं बंद कर, आलेली ग्लायकोजेन करून साठवून ठेव. ठणठणीत माणसात हे इन्शुलिन जेवायला बसल्या बसल्याच सुरू होतं, आमच्यासारख्या काठावरच्यांमध्ये इन्शुलिनचा हा पहिला झटका मंदावलेला असतो म्हणून रेषा आधी डोंगरासारखी चढते आणि मग उतरते. माझी दुपारी चारला ९६ वर आली. म्हणजे काम होतंय पण गडी उशिरा येतोय.

मला सगळ्यात जास्त हादरा बसला पहाटेचा. रात्री कळण्याची भाकरी आणि वांग्याची भाजी खाऊन झोपलो, रात्री तीनला ९४, आणि सकाळी सातला, चहाचा घोट पण नाही, ११७! पहिल्यांदा वाटलं मशीन खराब आहे, पण चार दिवस तेच. तर पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वाढतात, उठायची तयारी म्हणून लिव्हर साखर सोडतं, आणि ती आवरायला इन्शुलिन कमी पडलं की फास्टिंग वाढलेली दिसते. मी इतके वर्ष तपासणीच्या आदल्या रात्री उपाशी झोपून रिपोर्ट चांगला आणायचा प्रयत्न करत होतो, हसू नका.

ॲड्रेनलिन पण बघायला मिळालं. उधारीवरून एका जुन्या गिऱ्हाइकाशी दुकानात तणातणी झाली, तोंडात सुपारी सोडून काही नाही आणि आकडा १०६ वरून १३९. अंगाला वाटतं आता मारामारी होणार, म्हणून लिव्हर इंधन काढून देतं. उधारी आली नाही ती नाहीच.

आणि एकादशी. आखाजीनंतर आठ दिवसांनी वैशाखातली एकादशी, त्या दिवशी आमच्या अमळनेरच्या संत सखाराम महाराजांचा रथ निघतो आणि बोरी नदीच्या पात्रात यात्रा भरलेली असते. सकाळी उपास म्हणून साबुदाणा खिचडी, १९८! साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही. पण त्यानंतर गर्दीत जेवायचं राहूनच गेलं, रात्रीपर्यंत फक्त पाणी, आणि रेषा बघा तर ८५ ते ९५ च्या मध्ये सरळ, जशी काही पट्टी लावून काढली. हे दुसऱ्या हार्मोनचं काम, ग्लुकॅगॉन. त्याच स्वादुपिंडातल्या अल्फा पेशी ते सोडतात, शुगर खाली जायला लागली की ते लिव्हरला आतलं ग्लायकोजेन (शंभर ग्रॅमच्या आसपास असतं) फोडून साखर परत रक्तात घालायला लावतं. इन्शुलिनचं नाव शेंबडं पोरगं पण सांगेल, याला कोणी विचारत नाही, आणि उपास करणाऱ्याला उभं ठेवतो तो हाच. रात्री पात्रात तास दीड तास फिरता फिरता थोडी जिलबी खाल्ली तर १२० च्या वर गेलं नाही, कारण चालणारा स्नायू इन्शुलिनची वाट न बघता पण साखर ओढून घेतो. तेव्हापासून जेवल्यावर वीस मिनिटं चालतो, हाच माझा पाच हजाराचा खरा फायदा म्हणा.

आता तक्रारी. एक, रात्री अडीचला अलार्म, शुगर ५८. घरात धावपळ, ही साखरेचा डबा घेऊन उभी. बोटातून काढून बघितली तर १०१. मी त्या हातावर झोपलो होतो, दाब पडला की तिथला आकडा खोटाच खाली येतो. हा सेन्सर रक्तातली नाही, चामडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, म्हणून रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे पण असतो. शंका आली की बोटाची टेस्ट करायचीच, गोळ्या-इन्शुलिन चालू असणाऱ्यांनी तर नक्की. हे दुकानदाराने सांगायला पाहिजे होतं, त्याने फक्त बिल सांगितलं.

दोन, आपलं ऊन. वैशाखात खान्देशात घाम म्हणजे काय ते सांगायला नको, अकराव्या दिवशी टिकली शर्टाबरोबर निघून आली. तीन दिवसांचे पैसे पाण्यात. वरून चिकटपट्टी लावायची अक्कल मला नंतर आली. आणि ऑनलाईन मागवू नका उन्हाळ्यात, खोक्यावर तापमानाची मर्यादा लिहिलेली असते आणि कुरिअरवाल्याची डिक्की म्हणजे भट्टीच.

कोणी घ्यावा? माझ्यासारख्याला वर्षातून एकदा पुरे, महिन्याला घ्यायची चैन आहे. पण माझ्या चुलतभावाच्या पोरीला टाईप वन आहे, तिच्या बीटा पेशीच संपलेल्या, तिला चारवेळा इंजेक्शन आणि रात्री शुगर पडायची भीती, तिच्यासाठी तो अलार्म म्हणजे आई-बापाची झोप आहे. १९२१ ला कॅनडातल्या टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी इन्शुलिन काढलं, १९२२ ला पहिल्यांदा एका चौदा वर्षाच्या पोराला दिलं, त्याआधी अशी लेकरं उपाशी ठेवून थोडे दिवस ओढायचे. ती पोरगी आता सायकल क्लासला नेते आणि माझ्या २२८ ला हसते, म्हणे काका एवढंच?

पाचपैकी साडेतीन. अर्धा स्टार घामाचा कापला, एक किमतीचा. पुढचा लावणार तो हिवाळ्यात, भरीत पार्टीच्या टायमाला, कारण मला बघायचंय आधी भरीत आणि मग भाकरी खाल्ली तर रेषा किती चढते. ही म्हणते आधी उधारी वसूल करा.