कळसूबाई नाइट ट्रेक पॅकेज: घ्यावं का?

मुंबई-पुण्याहून निघणारी कळसूबाईची वीकेंड पॅकेजं जाहिरातीत जुळी भावंडं वाटतात. रात्रीची बस, पायथ्याच्या बारी गावात चहा-पोहे, सोबत लीडर, उतरल्यावर जेवण. फरक कळतो तो शिड्यांपाशी.

1646 मीटरचा हा माथा बारीतून साधारण तीन तासांचा. वाट मळलेली आहे, चुकायची भीती कमीच. पण कातळटप्प्यांवरच्या लोखंडी शिड्यांवरून एका वेळी एकच रांग सरकते. सूर्योदय गाठायचा म्हणून बहुतेक बसेस रात्री दोन-तीनच्या सुमारास बारीत पोचतात आणि पहाटे सगळी जत्रा एकाच शिडीखाली तुंबते. त्यात वरून उतरणारे आले की संपलंच. घामाने भिजलेल्या अंगाला वारा झोंबतो, हुडहुडी भरते, पायांची लय मोडते. ‘मजा नाही आली’ म्हणणाऱ्यांचं दुखणं बहुतेकदा चढाचं नसतं, या खोळंब्याचं असतं.

शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये माथा बहुतेक वेळ ढगात. तेव्हा ‘सनराइज ट्रेक’ म्हणून पैसे घेणं म्हणजे शुद्ध थाप! पावसाळ्यात उजाडल्यावर बारीतून निघणारी बॅच घ्यावी, तीही जमल्यास आडवारी. रात्रीची चढाई डिसेंबर-जानेवारीत करावी. हवा स्वच्छ असली तर अलंग-मदन-कुलंग हे किल्ले आणि भंडारदरा धरणाचं पाणी उजेडात हळूहळू उलगडताना दिसतं, जागरण वसूल होतं.

बुकिंगआधी दोनच गोष्टी विचाराव्यात: किती जणांमागे एक लीडर, आणि सगळ्यात शेवटी कोण चालणार. 12-15 जणांमागे एक असेल तर ठीक. पन्नास जणांत दोन लीडर आणि दोघंही पुढे, असा कारभार असेल तर मागे दमलेला माणूस कोणाच्याच लक्षात येत नाही.

मोबाइलच्या टॉर्चवर भागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नये. शिडीवर दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून हेडटॉर्चच घ्यावा. ओल्या शिडीवरून उतरताना तोंड शिडीकडेच ठेवायचं. घसरतात ते बरेचदा पाठ टेकवून उतरू पाहणारे, नाहीतर शिड्या संपल्यावर खालच्या चिखलात गुळगुळीत तळव्यांचे स्पोर्ट्स शूज घालून धावणारे.

जेवण बारीतल्या घरी असेल तर पिठलं-भाकरी गरम मिळते. बसमधून आणलेला पॅक डबा असेल तर तेवढे पैसे कमी करून मागावेत.